साहेबाचा पंच

"बाबा, मान वर करा. जाळं नीट दिसलं पाहिजे."

साहेबानं असं म्हटलं आणि फोटो काढला. जाळं माझ्या गळ्यात होतं. हार घालतात तसं, दोन वेढे देऊन. ओलंच. जाळ्याच्या काठाच्या शिशाच्या गोळ्या छातीवर लागत होत्या. पायाशी चार रोहू आणि एक मरळ मांडून ठेवली होती. मरळ अजून जिवंत होती. जंगलखात्याच्या ऑफिसचं आवार, भर सकाळ. गेटावर सफारीच्या जिप्सी रांगेनं उभ्या होत्या. त्यातल्या ज्या लोकांले वाघ दिसला नव्हता, ते मले पाहून राहिले होते.

एका हिरव्या टोपीवाल्यानं विचारलं, "पोचर है क्या?"

साहेब म्हणाला, "जी. पुराना है."

टोपीवाल्यानंही माझा फोटो काढला. त्याचा कॅमेरा माझ्या हाताएवढा लांब. वाघासाठी आणलेला. सत्तरी ओलांडलेला माणूस मी, ओल्या धोतरात, त्या कॅमेऱ्यापुढं उभा. मान वर. साहेबानं सांगितली होती तेवढी वर.

ही चार वर्षांआधीची गोष्ट.

मी ढीवर. पारशिवनीकडचं गाव आमचं. धरणाच्या पाण्याखाली आमची जुनी नदी निजली आहे. कुठं डोह, कुठं खडक, कुठं पाणी थंड लागते, हे मले डोळे मिटून सांगता येते. धरण झालं तरी आम्ही मासे धरत होतो. मग सरकारनं पाण्यात लाल डबे बांधले, ओळीनं, दोरीले. म्हणे, डब्याच्या इकडचं पाणी तुमचं, तिकडचं वाघाचं. मी मिटिंगीत उठून विचारलं होतं, "वाघ रोहू खाते काय?" सारे हसले.

त्यांचा कायदा असा आहे. डब्याच्या अलीकडे धरला तर तो मासा. चार हात पलीकडे धरला तर तोच मासा वन्यजीव. आणि धरणारा ढीवर राहत नाही, शिकारी होते. डबे वाऱ्यानं सरकतात, पाणी उतरलं का गाळात लोळतात. पण शिकारी कोण, ते साहेब काठावर उभा राहून बोटानं ठरवते. काठावरूनच. कारण साहेब डोंग्यात बसला का दोन्ही हातांनी काठ धरते. मी एकदा नेलं होतं त्याले पलीकडं. अख्खा वेळ डोळे मिटून होता. पाण्याचा राखणदार! रोहू आणि कतल्यातला फरक त्याले मालूम नाही. माझ्या पायाशी ठेवलेल्या माशांचं त्यानं कागदावर लिहिलं ते असं : "मासे, नग पाच."

तो कागदही मग फाडला. खुर्चीवर बसून मले म्हणाला, "केस करत नाही. वयाचा मान ठेवतो. जाळं जमा."

मी म्हटलं, "साहेब, जाळ्याचा काही कागद?"

"कागद केला तर तुम्हाला आत जावं लागेल. पाहिजे कागद?"

मी मुंडी हलवली. नाही.

"मग उपकार लक्षात ठेवा. कधी कामी या."

जाळं वनरक्षक राऊतनं उचललं आणि मागच्या खोलीत टाकलं. पावसाळा अख्खा बसून विणलेलं जाळं.

पंधरा दिवसांनी राऊत दारात. "काका, चला, साहेबानं बलावलं. पंच म्हनून."

पंच म्हणजे काय ते सांगतो. कोणाले धरलं, कुठं धरलं, हातात काय सापडलं, याचा एक कागद होते. पंचनामा. त्याच्यावर दोन माणसांच्या सह्या लागतात, का हो, आमच्या डोळ्यांदेखत झालं. मी डोळ्यांदेखत काही पाहिलं नव्हतं. पण साहेबानं खुर्ची दिली. चहा कपात आला. आमची माणसं त्या ऑफिसात गेली का व्हरांड्याच्या खाली, उन्हात उकिडवी बसतात. मी आत, पंख्याखाली. मी सही केली.

मी दुसरीपर्यंत शिकलो. डावखुरा होतो. गुरुजी डाव्या हातावर छडी मारे. वर्षभर मार खाऊन उजव्या हातानं नाव लिहाले शिकलो आणि शाळा सोडली. लिहिता येते ते तेवढंच एक नाव. (हे जे लिहिलं आहे ते मी बोललो आणि नातीनं उतरवलं. एक शब्द बदलू दिला नाही तिले.) पण त्या एका नावाचा मले फार गर्व होता. अंगठ्याले शाई लावलेली माणसं पाहिली का मी मिशीतल्या मिशीत हसत होतो. साहेबानं तो गर्व ओळखला. माशाले आमिष कोणतं लागते ते न ओळखणारा माणूस, पण माणसाचं बरोबर ओळखे.

एकदा त्याच्याकडं नागपूरचा मोठा साहेब आला होता. दोघं बाहेर झाडाखाली बसले होते. आमच्या साहेबानं मले हाक मारली. "आमच्या बाबांना सही येते, सर. बाबा, दाखवा करून." वाचत होता तो पेपर पुढं केला. मी पेपराच्या कोपऱ्यात, फोटोच्या बाजूले, वाकून सही केली. मोठा साहेब म्हणाला, "वा!" आमचा म्हणाला, "यांच्या जातीत सही करणारा मी पहिलाच पाहिला."

दोघं हसले. मीही हसलो. माकडाचा खेळ संपल्यावर माकड दात दाखवते तसा. घरी गेल्यावर बुढीले सांगितलं ते मात्र असं, का मोठ्या साहेबानं माझ्या सहीले वा म्हटलं.

बुढी म्हणाली, "कागदावर काय लिवलं होतं?"

"सरकारी होतं."

"म्हंजे मालूम नाई."

अडीच वर्षं मी साहेबाचा पंच होतो. गावात लोक तोंडावर मले "या पंच" म्हणू लागले, मागून काय म्हणत ते सांगत नाही. किती कागदांवर सही केली, मोजली नाही. काही लिहिलेले होते. काही अर्धे कोरे. राऊत म्हणे, "काका, वरचं मंग भरतो, तुमी खालतं करा." मी खालतं केलं.

मग रामदासचं झालं.

रामदास माझ्या शेजारचा. चाळिशीतला, चुलत भावाचा पोरगा, मले मोठेबाबा म्हणते. दहावी शिकलेला. त्यानं ग्रामसभेत साहेबाले उभं राहून सांगितलं, "ते डबे राहू द्या. तुमची हद्द कागदावर कुठं हाये, ते नकाशात दाखवा. सही-शिक्क्याचा नकाशा पायजे." साहेब म्हणाला, "देऊ, देऊ." त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मी पुढच्या रांगेतच बसलो होतो, साहेबाच्या बाजूनं.

आठ दिवसांनी राऊत आला. "काका, दोन सह्या हायेत." गेलो. चहा पिलो. सही केली. वरचा अर्धा कागद कोरा होता. दुपारी घरी आलो तर गावात गोंधळ. रामदासले बाजारातून येताना रस्त्यावर धरलं. सायकलीले भाजीची थैली होती. केस मात्र पडली डब्यांच्या पलीकडे जाळं टाकून शिकार केल्याची. मी दोन गोष्टी जोडून पाहिल्या नाही. खरं सांगतो, मले पाहाच्या नव्हत्या.

त्याची बायको सुनंदा तिसऱ्या दिवशी माझ्या दारात उभी राहिली. बसली नाही.

"मामाजी, साहेब म्हनते, तुमी डोयानं पायलं. पायलं काय?"

मी बाज तिच्याकडं सरकवली.

"तुमच्या सहीवर माहा मानूस आत हाये. वाचून तरी केली काय?"

बुढी आतून म्हणाली, "त्याले वाचता येते काय वं? नाव तेवढं येते. हत्तीले शेपूट येते तसं."

मी चिडलो. दोघींवरही. आणि काय बोललो, ऐका. मी म्हटलं, "सरकारी कागद खोटा राहत नाही."

सुनंदानं माझ्याकडं पाहिलं. माझ्या पायाशी थुंकली असती तर बरं झालं असतं. ती फक्त गेली.

रामदासले जामीन झाला नाही. कोर्टानं दोनदा नाही म्हटलं. साहेबाच्या कागदात लिहिलं होतं का हा टोळीचा म्होरक्या आहे, बाहेर आला तर जंगल संपवील. चार महिने झाले. सुनंदा धुणीभांडी कराले नागपूरले जाऊ लागली, का जेलात भेटाले जवळ पडते. मी तिच्या घरावरून जाणं सोडलं. नदीकडं जाले दुसरा रस्ता धरला. लांबचा.

साक्षीचा कागद आला. नागपूरले कोर्टात. साहेबाची गाडी मले घ्याले आली. पुढच्या सीटवर साहेब, मागं मी आणि राऊत.

साहेब वळून म्हणाला, "धोतर दुसरं नव्हतं का? कोर्ट आहे, बाजार नाही."

धुतलेलं होतं. नवं नव्हतं एवढंच.

कोर्टाच्या व्हरांड्यात राऊतनं मले शिकवलं. "काका, सवाल एकच हाये. हेच जाळं आरोपीजवळ सापडलं काय? तुमी म्हनाचं, हो, हेच. बस. दुसरं काई इचारलं तर म्हना, आता आठोत नाई. म्हाताऱ्याले कोनी काई म्हनत नाई."

तेवढ्यात पोलिसांनी रामदासले आणलं. वाळला होता. दाढी पांढरी झाली होती, माझ्यापेक्षा पांढरी. माझ्यापुढून जाताना थांबला. मले वाटलं, आता शिवी देईल. मी तयार होतो. शिवी आली असती तर मी साहेबाच्या बाजूनं ठाम उभा राहिलो असतो, माझा स्वभाव तसा आहे.

तो म्हणाला, "मोठेबाबा, जेवले काय गा?"

पोलिसानं त्याले पुढं ढकललं. जेवलो होतो मी. साहेबानं रस्त्यात पोहे दिले होते.

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिलो. शपथ घेतली. समोर मॅडम, जज. चष्मा नाकावर. सरकारी वकिलानं कागद दाखवला, सही तुमची का? म्हटलं, हो. मग शिपायानं एक पोतं आणलं. तोंडाले लाखेचं सील, वर चिठ्ठी. सील तोडलं, पोतं उलटं केलं. जाळं टेबलावर पडलं.

वकील म्हणाला, "आरोपीकडून तुमच्यासमोर जप्त केलं ते जाळं हेच ना?"

डोळे माझे आता अधू आहेत. मी म्हटलं, "हात लावू काय?"

मॅडम म्हणाल्या, "लावा."

मी हात लावला. आणि बोटं पहिल्याच गाठीवर थांबली.

जाळ्याची गाठ ढीवराले कळते. बाहेरच्याले सारी जाळी सारखी, साहेबाले सारे मासे सारखे तशी. पण उजव्या हातानं विणलं का गाठीचा पीळ एका अंगाले पडते, डाव्या हातानं विणलं का दुसऱ्या. आमच्या गावात, आजूबाजूच्या चार गावांत, डाव्या हातानं विणणारा मी एकटा. बोटांखाली एक एक गाठ उलटी लागून राहिली होती. माझी. मी विणलेलं. माझ्या गळ्यात घालून फोटो काढलेलं जाळं.

तेव्हा मले सारं उलगडलं. माझ्यावर केस केली नाही, तो उपकार नव्हता. कागद नसलेलं जाळं साहेबाले पाहिजे होतं. कुठंच नोंद नाही, म्हणजे कोणाच्याही गळ्यात घालता येते. मागच्या खोलीत पडलेलं. आज रामदासच्या, उद्या आणखी कोणाच्या. आणि तसाच मी. मागच्या खोलीतला. पाहिजे तेव्हा काढा, झटका, वापरा, परत टाका.

"बोला बाबा," वकील म्हणाला. "हेच ना?"

मी म्हटलं, "हे जाळं माझं आहे."

मागं कोणीतरी हसलं. वकील म्हणाला, "नीट ऐका. आरोपीकडं सापडलं ते हेच ना, असं विचारलं."

"ऐकलं. हे जाळं माझं आहे. तीन वर्षांआधी या साहेबानं माझ्याजवळून घेतलं. रामदासजवळ काय सापडलं, मले मालूम नाही. मी तिथं नव्हतो. सही ऑफिसात केली. कागद कोरा होता."

सरकारी वकिलाचं तोंड पाहण्यासारखं झालं. मॅडमकडं वळून म्हणाला, साक्षीदार फितूर झाला. फितूर. अडीच वर्षं आपल्या माणसांशी फितूर होतो, तेव्हा मले कोणी फितूर म्हटलं नाही. खुर्ची दिली.

मॅडमनं चष्मा काढला. "आजोबा, तुम्ही काय बोलताय ते कळतंय का? जाळं तुमचं म्हणजे तिथं मासेमारी तुम्ही केली. कोऱ्या कागदावर सही केली म्हणजे तोही गुन्हा."

"कळते."

"जाळं तुमचंच कशावरून?"

मी म्हटलं, "दोरी द्या."

शिपायानं फायलीची दोरी दिली. मी डाव्या हातानं गाठ मारली, टेबलावर ठेवली. मग म्हटलं, "आता रामदासले द्या." मॅडमनं मान हलवली. रामदासनं उजव्या हातानं गाठ मारली. त्याची बोटं चुकली नाही, लहानपणापासूनची सवय. दोन गाठी जाळ्याशेजारी ठेवल्या. मॅडम खाली वाकल्या. चष्मा परत लावला. जाळं बोटानं सरकवून सरकवून पाहिलं. सरकारी वकील तिकडं खिडकीतून बाहेर पाहून राहिला होता.

मॅडम टायपिस्टले म्हणाल्या, "लिहा." आणि सांगत गेल्या. मी ऐकलं. माझ्या नावाचा कागद कोणी मोठ्यानं वाचून लिहिला, असं पहिल्यांदा झालं.

बाहेर साहेब माझ्या अंगावर आला. "म्हाताऱ्या, आता तुझ्यावर केस करतो. जन्मभर वाऱ्या करशील."

मी म्हटलं, "करा. पंच दुसरा पाहा."

तो गाडीत बसून गेला. मी एस.टी.नं आलो.

आता कोणाले वाटेल, साहेबाले धडा मिळाला. कसला धडा! रामदासले त्याच आठवड्यात जामीन झाला, पुढं तो सुटला. साहेबाच्या खात्यानं लिहून दिलं का मुद्देमालाच्या पोत्यांची अदलाबदल झाली, नजरचूक. साहेबाची बदली झाली. चांगल्या जागी, म्हणतात, तिथं वाघ जास्त दिसतात. राऊत तिथंच आहे, रस्त्यात दिसला का तोंड फिरवते. माझ्यावर केस झाली आहे. बेकायदा मासेमारी. माझ्या जाळ्याचा कागद शेवटी झाला.

सुनंदा मले पाया पडाले आली नाही. नळावर भेटली तेव्हा एवढंच म्हणाली, "हे चार महिन्याआधी सांगाले काय झालं होतं?" बरोबर विचारलं.

मी रामदासच्या वकिलाकडं गेलो. म्हटलं, माझी सही कुठं कुठं आहे ते काढा. तो म्हणाला, "बाबा, सुटले ना तुम्ही लोक? आता काहून उकरता?" मी उठलो नाही. दोन तास बसून राहिलो त्याच्या टेबलापुढं. शेवटी त्यानं काढलं. चालू असलेल्या तीन केसेस निघाल्या. आणि एक संपलेली. पलीकडच्या गावचा कवडू. सशाचा फासा लावला म्हणून. सजा भोगून आला. पंच मी. मी त्याले जन्मात कधी पाहिलं नव्हतं, आणि कागदावर मी त्याले फासा लावताना डोळ्यांनी पाहिलं होतं.

मी त्याच्या घरी गेलो. अंगणात बसून टोपली विणून राहिला होता. मी कोण ते सांगितलं. त्यानं टोपलीवरून हात काढला नाही. पाणी विचारलं नाही.

"आता काय सांगाले आला गा?"

मी सांगितलं. सारं.

तो म्हणाला, "मले सांगून काय होते? मी तर भोगून बसलो. जिथं लिवून देल्लं, तिथं जाऊन सांग."

माफी मागाची होती मले. मागितली नाही. त्यानं दिली नसती, आणि दिली असती तर मी घरी येऊन निजलो असतो.

वकील म्हणते, चारही ठिकाणी हेच सांगाल तर तुम्हीच आत जाल, या वयात. खोटी साक्ष, खोटी सही, सारं तुमच्याच अंगावर येईल, साहेबांवर काही यायचं नाही. येऊ दे. मी केलं, ते माझ्या अंगावर आलंच पाहिजे. पण मी एकटा करत नव्हतो. खोट्या कागदावर सही करणारा गुन्हेगार, हे मी माझ्या तोंडानं म्हणीन. सही करून घेणारा कोण, त्याचं नाव, त्याचा हुद्दा, हेही सांगीन. आणि ते कोर्टानं लिहून घेतल्याशिवाय, लिहिलेलं मले मोठ्यानं वाचून दाखवल्याशिवाय, मी पिंजऱ्यातून खाली उतरणार नाही.

पहिली तारीख येत्या सोमवारी आहे. मी सकाळच्या गाडीनं जाणार.